पुन्हा, ‘सी’पासून : खंडक्रमांक आणि तालीमखुणा यांचा इतिहास

पाश्चात्त्य संगीताच्या इतिहासग्रंथांतून सुरावटी, वाद्ये, रचनाकार आणि आश्रयदाते यांच्याविषयी भरभरून वाचायला मिळते. परंतु वाद्यवृंदाची तालीम मध्येच थांबल्यावर साठ-सत्तर वादकांनी नेमके कोठून पुन्हा सुरू करायचे, हे ठरवण्याची सोय कशी आणि केव्हा झाली, याविषयी हे ग्रंथ बहुधा मौन पाळतात. आज संगणकावर नोटेशन लिहिणाऱ्याला हा प्रश्नच पडत नाही. एक कळ दाबली की चौकटीत ‘ए’ उमटते, पुन्हा दाबली की ‘बी’, आणि प्रत्येक ओळीच्या आरंभी खंडाचा क्रमांक आपोआप येऊन बसतो. या आपोआप येणाऱ्या अक्षर-अंकांना एक लांबचा इतिहास आहे. संहिता, पाठभेद आणि आवृत्त्या यांच्याशी रोज झटापट करणाऱ्या आमच्यासारख्या साहित्याच्या शिक्षकांना तो विशेष जवळचा वाटतो, म्हणून हा लेखप्रपंच.

प्रथम परिभाषेविषयी थोडे. पाश्चात्त्य नोटेशनमध्ये दोन उभ्या रेषांच्या मधल्या भागाला ‘मेझर’ किंवा ‘बार’ म्हणतात. या लेखात आम्ही त्याला ‘खंड’ म्हणणार आहोत. सर्व वाद्ये एकाखाली एक मांडलेली पूर्ण संहिता म्हणजे ‘स्कोअर’, आणि प्रत्येक वादकासमोर असलेली त्याच्या एकट्याच्या वाद्याची प्रत म्हणजे ‘पार्ट’. ‘रिहर्सल मार्क’ला आम्ही ‘तालीमखूण’ हा शब्द योजला आहे. मराठीत ‘तालीम’ हा शब्द नाटक, गायन आणि कुस्ती यांत सारखाच नांदत असल्याने तो येथेही परका वाटू नये.

रेषा नव्हत्या तेव्हा

खंडांना क्रमांक द्यायचे तर आधी खंड हवेत. व्हेनिसमध्ये ओत्ताव्हिआनो पेत्रुच्ची याने १५०१ साली बहुस्वर संगीताचे पहिले महत्त्वाचे छापील पुस्तक काढले, तेव्हा त्यातील सुरावटींना नियमित उभ्या रेषा नव्हत्या. सोळाव्या शतकात गायकांच्या हाती असत त्या स्वतंत्र स्वरांच्या वेगवेगळ्या पोथ्या. स्कोअर समोर नसे. प्रत्येकाने आपली ओळ गायची आणि कानांनी इतरांना धरून राहायचे. कोणी चुकला तर एखाद्या ठळक विरामस्थानापासून किंवा सरळ आरंभापासून पुन्हा उठावे लागे. ल्यूट आणि कळफलकाची वाद्ये यांच्या लेखनात आणि स्कोअरमध्ये उभ्या रेषा आधी आल्या. सतराव्या शतकात त्यांचा वापर वाढत जाऊन त्या नियमित झाल्या. तरीही त्यांना क्रमांक देण्याची गरज फारशी कोणाला भासली नाही. रचना तुलनेने आटोपशीर होत्या, वादक थोडे होते, आणि कळफलकाशी बसलेला किंवा पहिले व्हायोलिन वाजवणारा नायक स्वतःच वाजवून जागा दाखवू शकत होता.

एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांत ही स्थिती पालटली. बेथोव्हेनच्या पाचव्या सिम्फनीचा पहिलाच भाग ५०२ खंडांचा आहे, नवव्या सिम्फनीचा पहिला भाग ५४७ खंडांचा. ७ मे १८२४ रोजी व्हिएन्नात नववी सिम्फनी प्रथम सादर झाली, ती पूर्ण वृंदाच्या अवघ्या दोन तालमींनंतर. गायकवृंद, एकल गायक आणि वाढवलेला वाद्यवृंद एकत्र जमवून इतक्या कमी वेळात इतकी अवघड रचना बसवायची तर थांबण्याचा प्रत्येक क्षण महाग पडतो. वादकापुढे फक्त त्याचा पार्ट असतो, त्यात इतरांच्या सुरावटींचा मागमूस नसतो. संचालक ज्या जागेविषयी बोलतो आहे ती स्कोअरमध्ये डोळ्यांसमोर दिसते, पार्टमध्ये मात्र दिसत नाही. दोघांनाही ओळखता येईल अशी एखादी खूण मध्ये हवी होती.

दोन जादा खंडांची गोष्ट

अशी खूण नसल्याने काय घडू शकते याचे एक बोलके उदाहरण पाचव्या सिम्फनीच्याच इतिहासात आहे. ही सिम्फनी २२ डिसेंबर १८०८ रोजी व्हिएन्नात प्रथम वाजली आणि १८०९ मध्ये लाइपझिगच्या ब्राइटकोप्फ आणि हेर्टेल या प्रकाशनाने तिचे पार्ट छापले. ऑगस्ट १८१० मध्ये बेथोव्हेनने प्रकाशकांना कळवले की तिसऱ्या भागात दोन खंड जास्तीचे छापले गेले आहेत, ते काढून टाकावेत.

आता हे दोन खंड दाखवायचे कसे? क्रमांक नव्हते, अक्षरे नव्हती. त्यामुळे रचनाकाराला शब्दांनी वाट सांगावी लागली: तिसऱ्या भागात, मेजर स्वरमेळ संपून पुन्हा मायनर सुरू होतो त्या ठिकाणी. तेवढ्याने भागणार नाही हे ओळखून त्याने तेथील खर्जाची सुरावट पत्रातच उतरून दिली आणि जादा खंडांवर फुल्या मारल्या. एखाद्या खेड्यात पाहुण्याला ‘वडाच्या झाडापाशी वळा, मग विहीर लागेल’ असे सांगावे तसाच हा प्रकार.

चूक कशी शिरली तेही पाहण्यासारखे आहे. हा भाग आणि त्यातील मधला उपविभाग पुन्हा एकदा वाजवायचा, अशी बेथोव्हेनची एका टप्प्यावर योजना होती. त्यासाठी पहिल्या फेरीच्या शेवटचे दोन खंड आणि दुसऱ्या फेरीच्या शेवटचे दोन खंड असे दोन पर्याय लिहिलेले होते. पुनरावृत्ती गाळली गेली. पण छापताना पहिल्या फेरीचे दोन खंडही राहून गेले आणि दोनांच्या जागी चार झाले. पत्र मिळूनही दुरुस्ती झाली नाही. १८२६ साली पूर्ण स्कोअर छापला गेला त्यातही ते दोन खंड तसेच राहिले. पुढे १८४६ मध्ये आखेनच्या संगीत महोत्सवात मेंडेलसोनने ही सिम्फनी सादर केली त्या निमित्ताने ते पत्र प्रकाशात आले आणि वाद मिटला. तोवर छत्तीस वर्षे लोटली होती, आणि स्वतः रचनाकार जाऊन एकोणीस वर्षे झाली होती.

प्रकाशकाची दिरंगाई, पत्रव्यवहाराची गती, अशी या विलंबाची इतरही कारणे सांगता येतील. क्रमांक असते तर चूक तात्काळ दुरुस्त झाली असती असा दावा आम्ही करत नाही. परंतु एक गोष्ट निश्चित आहे. ज्या जागेला नाव नसते तिच्याविषयीची तक्रार नोंदवणे अवघड जाते आणि विसरणे सोपे. पाठभेदांचे काम केलेल्या कोणालाही हे पटावे. ज्ञानेश्वरीच्या सुमारे नऊ हजार ओव्यांना अध्याय आणि ओवीक्रमांक यांची जोड आहे, म्हणूनच शके १५०६ मध्ये एकनाथांनी शुद्ध केलेली परंपरा आणि राजवाड्यांनी १९०९ मध्ये प्रसिद्ध केलेली प्रत यांतील भेद शब्दाशब्दाने मांडता येतात. आणि या प्रतींतले ओवीक्रमांक जेथे जुळत नाहीत, तेथे कोणती प्रत पुढे ठेवून बोलतो आहोत हे आधी सांगावे लागते. तुकोबांच्या गाथेचा अभंगक्रमांक आवृत्तीचे नाव न घेता देणाऱ्या विद्यार्थ्याला आपण टोकतो, तेही याच कारणाने.

अक्षरे आली

तालीमखुणांच्या शोधाचे श्रेय सामान्यतः लुई स्पोर या जर्मन व्हायोलिनवादक, रचनाकार आणि संचालकाला दिले जाते. १७८४ ते १८५९ हा त्याचा जीवनकाल. व्हायोलिनला हनुवटी टेकवण्याची पट्टीही त्याच्याच नावावर आहे. १८२० साली लंडनमध्ये आपण हाती छडी घेऊन वाद्यवृंद चालवला असे त्याने आत्मचरित्रात लिहिले, त्या कथनाविषयी मात्र पुढच्या अभ्यासकांनी शंका घेतल्या आहेत. तपशील काहीही असो, या तीनही गोष्टींत एक नाते दिसते. हनुवटीची पट्टी वादकाचा डावा हात मोकळा करते, छडी संचालकाला वाद्यापासून मोकळे करते, आणि तालीमखूण सगळ्यांना आरंभापासून सुरू करण्याच्या जाचातून मोकळे करते. स्कोअरमध्ये आणि प्रत्येक पार्टमध्ये एकाच जागी तेच अक्षर लिहिले की ‘सी’पासून’ एवढे दोन शब्द पुरतात.

या अक्षरांचा खरा उपकार वाजवणाऱ्यावर जितका, त्याहून अधिक न वाजवणाऱ्यावर आहे. १८९३ मध्ये न्यूयॉर्कमध्ये प्रथम वाजलेल्या ड्वोर्जाकच्या नवव्या सिम्फनीत झांजेचा आघात एकदाच येतो, तोही शेवटच्या भागात. पाचव्या सिम्फनीत बेथोव्हेनचे ट्रॉम्बोनवादक पहिले तीन भाग स्वस्थ बसून असतात. अशा वादकाच्या पार्टमध्ये सुरांपेक्षा विश्रांतीच अधिक. सलग अनेक खंडांचे मौन एका जाड आडव्या रेषेने दाखवतात आणि वर मौनखंडांची संख्या लिहितात. समजा तो आकडा एकशे वीस आहे. एखादा खंड मोजायचा राहिला तर वादकाला सावरायला काही आधार नाही. पण हेच मौन तालीमखुणांच्या ठिकाणी तोडून बत्तीस, चाळीस, अठ्ठेचाळीस असे मांडले, तर प्रत्येक अक्षरापाशी त्याला आपली मोजणी पडताळून पाहता येते. आजची संगणकप्रणाली हे तुकडे आपोआप पाडते. पूर्वी ते काम नकलनवीस करीत असे, आणि त्याने कंटाळा केला तर त्याची शिक्षा झांजवाल्याला भोगावी लागे.

अक्षरांपुढे लवकरच अडचण उभी राहिली, ती म्हणजे रोमन वर्णमाला सव्वीस अक्षरांतच संपते. पुढे दुहेरी अक्षरे लिहिण्याची रीत पडली. ‘आय’ हे अक्षर एक या आकड्यासारखे दिसते म्हणून पुष्कळ ठिकाणी ते गाळतात. लिलीपॉंड ही १९९६ पासून घडत आलेली मुक्त प्रणाली आजही मूळ मांडणीत ते अक्षर ओलांडून पुढे जाते. काही रचनाकारांनी आणि प्रकाशकांनी अक्षरांऐवजी अंक पसंत केले. हे अंक म्हणजे खंडांचे क्रमांक नव्हेत, ते टप्प्यांचे क्रमांक आहेत. १९१३ साली पॅरिसमध्ये गाजलेल्या स्ट्राविन्स्कीच्या ‘वसंतबली’ या नृत्यनाट्याच्या स्कोअरमध्ये असे अंक २०१ पर्यंत जातात. दणक्यात पडणारे त्यातले ते प्रसिद्ध स्वरसमूह ‘अंक १३’पासून सुरू होतात, आणि अखेरचे बलिनृत्य ‘अंक १४२’पासून. अभ्यासकही या रचनेची चर्चा याच अंकांनी करतात. मुळात तालमीसाठी केलेली सोय अशी समीक्षेची भाषा होऊन बसली. त्याला एक व्यावहारिक कारणही आहे. या बलिनृत्यातील उभ्या रेषांची जागा स्ट्राविन्स्कीने नंतरच्या आवृत्त्यांत बदलली. रेषा हलल्या की खंडांची संख्या बदलते. टप्प्याची खूण मात्र विशिष्ट सुरांना बांधलेली असते, रेषांना नव्हे.

दोन प्रकारचे अंक

येथे खंडक्रमांक आणि तालीमखूण यांतला फरक नीट पाहायला हवा. खंडक्रमांक मोजणीतून येतो. तो कोणालाही काढता येतो आणि त्याला संगीत कळण्याची गरज नसते. तालीमखूण निवडीतून येते. नवी सुरावट कोठे सुरू होते, वाद्यांचा रंग कोठे पालटतो, वृंद कोठे अडखळण्याचा संभव आहे, हे जाणून ती ठेवायची असते. दर दहा खंडांना यांत्रिकपणे एक अक्षर टाकणारे लेखकही आढळतात. त्यामुळे खुणा वाक्याच्या मध्यभागी येतात आणि तेथून सुरू करायला वृंद नाखूश असतो. नीट ठेवलेल्या तालीमखुणा म्हणजे रचनेच्या बांधणीवरचे एक मूक भाष्यच होय. वाद्यवृंदांच्या ग्रंथपालांची जी आंतरराष्ट्रीय संघटना १९८३ मध्ये स्थापन झाली, तिची शिफारसही दोन्ही एकत्र वापरण्याची आहे: ओळीच्या आरंभी खंडक्रमांक, आणि महत्त्वाच्या स्थळी अक्षर.

ब्रुकनरच्या हस्तलिखितांत अंकांचा तिसराच उपयोग दिसतो. तो खंडांच्या खाली एक ते आठ, पुन्हा एक ते आठ असे आकडे लिहीत असे. कधी चार, कधी सहा, जसे वाक्य असेल तसे. हे आकडे कोणाला जागा दाखवण्यासाठी नव्हते. सुरांच्या वाक्यांचा तोल तो त्यांनी तपासत असे.

ब्रुकनरचे हे आकडे पाहताना आम्हांला भातखंड्यांची स्वरलिपी आठवल्याशिवाय राहत नाही. विष्णु नारायण भातखंडे (१८६०-१९३६) यांनी मराठीतून सिद्ध केलेल्या क्रमिक पुस्तकमालिकेत बंदिशींच्या खाली फुली, दोन, शून्य, तीन अशा खुणा असतात. त्रितालाच्या सोळा मात्रांचे चार विभाग उभ्या रेषांनी पाडलेले असतात. फुली म्हणजे सम, शून्य म्हणजे खाली, उरलेले अंक टाळ्यांचे. येथला ‘दोन’ हा बंदिशीच्या आरंभापासूनचा दुसरा विभाग नव्हे, तर प्रत्येक आवर्तनात पुन्हा पुन्हा येणारे तेच एक स्थान आहे. आवर्तनांना क्रमांक नाहीत, आणि असण्याचे कारणही नाही. ख्याल किती आवर्तने चालेल हे आधी ठरलेले नसते. शिकवताना गुरू ‘चौदाव्या आवर्तनापासून’ म्हणत नाही. तो ‘अंतऱ्यापासून’ म्हणतो, ‘मुखडा घेऊन समेवर ये’ म्हणतो. एका पद्धतीत आपण आरंभापासून किती दूर आलो ते अंक सांगतो, दुसरीत समेपासून किती दूर आहोत ते. दोन्ही अंकच, पण त्यांनी दिलेली उत्तरे वेगळ्या प्रश्नांची आहेत. यावरून एक पद्धत प्रगत आणि दुसरी मागास ठरवण्याचा मोह टाळावा. साठ जणांना एकाच लिखित जागी आणण्याची गरज जेथे पडते तेथे पहिली जन्मते. तबला आणि गायन यांच्या परस्परसंवादाला दुसरी पुरते.

या दोन पद्धती एका खोलीत भेटल्या त्या मुंबईच्या चित्रपटसंगीतात. गोव्यातील चर्चशी जोडलेल्या शाळांतून स्वरवाचन शिकून आलेले वादक आणि संयोजक येथे व्हायोलिनचे ताफे उभे करत होते. ॲंथनी गोन्साल्विस, सेबास्टियन डिसोझा ही त्यांतली ठळक नावे. संगीतकार पेटीवर चाल सांगे, मुखडा आणि अंतरा हे शब्द त्याच्या तोंडी असत. संयोजक ती पाच रेषांच्या कागदावर उतरवून वादकांपुढे ठेवी. संपूर्ण गाणे एकदम ध्वनिमुद्रित करण्याच्या त्या काळात एकाची चूक सर्वांना भोवत असे. मुखडा-अंतऱ्याची मौखिक नावे आणि कागदावरचे खंड यांची सांगड घालणारा संयोजक हा त्या अर्थाने दुभाष्याच होता.

संगणकाची स्मृती

‘फिनाले’ ही प्रणाली १९८८ मध्ये आली, ‘सिबेलियस’ १९९३ मध्ये, ‘डोरिको’ २०१६ मध्ये. मुक्त प्रणालींमध्ये लिलीपॉंडबरोबर ‘म्यूजस्कोअर’ आहे. आरंभीच्या काळात फिनालेमध्ये तालीमखूण ही मजकुराच्या तुकड्यासारखी ठेवावी लागे. २००९ साली निघालेल्या ‘फिनाले २०१०’मध्ये अक्षरांचा क्रम आपोआप सांभाळण्याची सोय झाली. सिबेलियसमध्ये मधली एक खूण काढली की पुढची अक्षरे स्वतःच सरकतात. म्यूजस्कोअरमध्ये खुणा नव्याने क्रमवार लावण्याची वेगळी आज्ञा आहे.

हे आपोआप सरकणे वरदान आहे तसेच संकटही. पार्ट वाटून झाले, वादकांनी पेन्सिलीने सूचना लिहिल्या, आणि मग रचनाकाराने पंचेचाळिसाव्या खंडानंतर दोन खंड घातले, तर पुढचे सर्व क्रमांक बदलतात. नव्या आणि जुन्या प्रती समोर घेऊन बसलेले वादक एकच क्रमांक ऐकतात आणि वेगवेगळ्या जागी पोचतात. संगीत-नाटकांच्या व्यवसायात म्हणून नव्या खंडांना ‘४५ए’, ‘४५बी’ असे क्रमांक देण्याची रीत आहे. आपल्या राज्यघटनेत शिक्षणाचा हक्क २००२ मध्ये घातला गेला तेव्हा त्याला ‘एकविसावा-क’ अनुच्छेद केले, पुढचे सगळे अनुच्छेद हलवले नाहीत, त्यामागचा शहाणपणा हाच. एकदा लोकांच्या जिभेवर बसलेला क्रमांक व्यवस्थेच्या सोयीसाठी हलवू नये.

मोजणी तरी निर्विवाद असते का? तीही नाही. रचना अपुऱ्या खंडाने सुरू झाली तर तो मोजायचा नाही, असा संकेत आहे. पुनरावृत्तीच्या शेवटी दोन पर्याय असतील तर त्यांना सलग क्रमांक द्यायचे की समान, याविषयी संपादकांत मतभेद असतात. प्रणालींमधील देवघेवीसाठी मायकेल गुड यांनी घडवलेल्या ‘म्युझिकएक्सएमएल’ या स्वरूपाची पहिली आवृत्ती २००४ मध्ये आली. तिच्यात खंडाचा क्रमांक हा गणिती आकडा म्हणून न धरता अक्षरेही चालतील असा मजकूर म्हणून धरला आहे, आणि क्रमांक न दाखवायच्या खंडासाठी वेगळी नोंद आहे. दोनशे वर्षांच्या व्यवहाराने शिकवलेले शहाणपण असे एका संगणकीय नियमात उतरले आहे.

२६ ऑगस्ट २०२४ रोजी फिनालेच्या निर्मात्यांनी ही प्रणाली पुढे विकसित करणार नसल्याचे जाहीर केले. पस्तीस वर्षांत तिच्यात लिहिली गेलेली स्वरसंहिता आता इतर प्रणालींत न्यावी लागते आहे. असे स्थलांतर करताना सूर बहुधा सुखरूप पोचतात. खरी काळजी असते ती अक्षरांची आणि क्रमांकांची. ते बदलले तर जुन्या पार्टवरच्या पेन्सिलीच्या नोंदी, समीक्षकांचे संदर्भ, शिक्षकांच्या टाचणवह्या हे सारे निराधार होते. म्हणून संहिता हलवणाऱ्याने सर्वांत आधी पडताळून पाहावे ते हेच: जुन्या प्रतीतले ‘सी’ आणि नव्या प्रतीतले ‘सी’ त्याच एका सुरावर उभे आहेत ना.

बेथोव्हेनला दोन खंड दाखवण्यासाठी खर्जाची ओळ लिहून द्यावी लागली होती. आज आपण तीच जागा एका आकड्याने दाखवतो, आणि त्या आकड्याच्या आधारे जगाच्या दोन टोकांवरची दोन माणसे एका सुराविषयी भांडू शकतात. साहित्याच्या काय किंवा संगीताच्या काय, अभ्यासाची सुरुवात अशा भांडणातूनच होते. त्यासाठी आधी दोघांनी एकाच जागेकडे बोट दाखवणे आवश्यक असते.